प्रयागापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत

मराठीच्या प्राध्यापकाने नदीकाठी जावे ते कविता आठवायला, नकाशा घेऊन नव्हे, असे आमच्या घरचे मत आहे. पण २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आमच्या स्वयंपाकघरात येऊन गेली आणि जाताना माझ्या पंधरा वर्षांच्या टिपणांचा लगदा करून गेली. तेव्हापासून तिचे-माझे संबंध काव्यमय उरलेले नाहीत. म्हणून भूगोलाच्या सहकाऱ्यांनी 'प्रयागला येता का?' म्हणताच मी पायांत चपला अडकवल्या.

प्रयाग म्हणजे गंगा-यमुनेचे नव्हे, कोल्हापूरजवळच्या चिखलीचे. पंचगंगा इथे सुरू होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती ही पाच नावे आम्ही शाळेत घोकलेली. घाटाच्या पायरीवर बसून सहकाऱ्यांनी मांडीवर संगणक उघडला. २००० सालच्या फेब्रुवारीत एका अमेरिकी अवकाशयानाने अकरा दिवस रडार फिरवून पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ते आकडे आता कोणालाही फुकट मिळतात. सारा मुलूख तीस-तीस मीटरच्या चौकोनांत कापायचा आणि प्रत्येक चौकोनाला विचारायचे, 'तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत जास्त उतार कोणाकडे?' पाणी तिकडे. जिथे फार चौकोनांचे पाणी गोळा होते, तिथे नदी. या विद्येला भौगोलिक माहिती प्रणाली असे भारदस्त नाव आहे. विद्यार्थी 'जीआयएस' म्हणून मोकळे होतात.

पडद्यावर सह्याद्रीपासून निळ्या शिरा उमटत आल्या. गंमत अशी की, कुंभी आणि तुळशी वरच्या अंगालाच भोगावतीत शिरलेल्या! आमच्या पायांशी आल्या त्या दोघीच, भोगावती आणि कासारी. सरस्वती यंत्रालाही गुप्तच. मला त्याचे वाईट वाटले नाही. भाषेत असा हिशेब चालतो.

मग त्यांनी गगनबावड्यावर बोट ठेवले. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, कोल्हापुरात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तिथले पाणी कुंभीतून उतरते. शहरात ऊन असतानाही राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी का चढत राहते, हे मला त्या शिरांवरून उमगले. तिथे ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते.

"आता माझे घर दाखवा," मी म्हणालो.

आमची सहा घरे मिळून एक चौकोन निघाला, आणि तोही सुरेख उतारावर! हे साफ खोटे होते. आम्ही खळग्यात राहतो.

सहकारी जरा ओशाळले. "खळग्यात शिरलेले पाणी यंत्राला पुढे नेता येत नाही, नदी तिथेच तुटते. म्हणून हिशेबाआधी सगळे खळगे भरून घ्यावे लागतात. काही मोजणीच्या चुकीचे असतात, काही खरे."

मी कपाळाला हात लावला. आम्हांला जागा विकणाऱ्याने तरी दुसरे काय केले होते? चार गाड्या मुरूम टाकला, कागदावर सपाटी दाखवली आणि आमचे कर्ज सुरू झाले.

शेजारी म्हैस धूत असलेले एक आजोबा हे सारे ऐकत होते. "सर, तुमच्या मागल्या अंगाला वडा हाय का?"

"आहे."

"मग नदीकडं बघत बसू नका. पाणी आदी वड्यातनं माघारी येतंय. नदी मागनं येत्या."

अगदी तसेच झाले होते. त्या रात्री आम्ही पुढच्या दारात बॅटरी घेऊन रस्त्याकडे पाहत उभे होतो आणि पाणी मोरीतून आले.

सहकाऱ्यांनी संगणक मिटला आणि फुगलेल्या नदीचे पाणी ओढ्यात उलटे कुठवर चढते, ते आजोबांकडून ऐकून वहीत उतरवले. संध्याकाळी ते टेप घेऊन आमच्या घरी आले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर २०१९ ची रेघ आहे, तिच्याजवळ २०२१ ची. नकाशात काढलेले पाणी आणि खरोखर आलेले पाणी यांतला फरक अशा रेघांवरूनच कळतो म्हणे. दोन्ही रेघा त्यांनी ओट्यापासून मोजल्या, मग रस्त्यापासून मोजल्या, आणि चहा न घेताच शेजारच्या घरात शिरले.

यंदा दिवाळीच्या रंगाला माणूस आला, तेव्हा सौभाग्यवतींनी त्याला तेवढी पट्टी सोडून हात मारायला सांगितले.