नंबर लागेपर्यंत

निगडीला ताईकडे जायचे म्हणजे पूर्वी आमच्या घरी दशम्या बांधायच्या तेवढ्याच बाकी राहत. आता शिवाजीनगरला मेट्रोत बसले, दापोडीला मुळा ओलांडली, की पर्स आवरेपर्यंत पिंपरी येते. पुढे रिक्षा. प्रवास म्हणावा असे त्यात काही उरलेले नाही. तरीही या गावात पाऊल टाकले की आपण दुसऱ्या मुलखात आलो असे मला वाटते, आणि त्याचे कारण कारखाने नव्हेत. येथे माणसे सुखाला तारीख देतात. पुण्याचा पेन्शनर सुखाविषयी बोलू लागला की पूर्वीचे पुणे काढतो. येथला माणूस म्हणतो, ‘पर्मनंट झालो की’, ‘हप्ते फिटले की’, ‘फ्लॅटचा ताबा मिळाला की’.

गावच तसे वसले आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढे आकुर्डीला स्कूटरी आल्या, टेल्को आली, १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक महामंडळाने भोसरीकडची शेते आखून घेतली, आणि १९८२ साली खेड्यांची महानगरपालिका झाली. जो आला तो काहीतरी होण्यासाठी आला.

आमचे दाजी आले ते १९७२ च्या दुष्काळात, नगर जिल्ह्यातून. जवळ आयटीआयचे फिटरचे सर्टिफिकेट, एक पत्र्याची ट्रंक आणि गावाकडच्या एकाचा पत्ता. चिंचवडला दहा बाय दहाची खोली, तीत सहा जण आणि गाद्या तीन. पाळ्या अशा जुळवलेल्या की एक कामाला गेला की दुसरा त्याच्या जागी निजे. ‘‘गादी कधी थंड व्हायची नाही,’’ दाजी सांगतात. ज्याची दुसरी पाळी त्याने सकाळचा स्वयंपाक करायचा. आमटीत मीठ जास्त झाले तर पहिल्या पाळीवाल्याला ते संध्याकाळी कळे, आणि तोवर आचारी कामावर गेलेला असे.

त्याच वर्षी चेतक स्कूटर निघाली. किती गाड्या करायच्या ते त्या काळी सरकारी परवान्यावर ठरे, आणि मागणी मात्र सबंध देशाची. त्यामुळे नंबर लावून माणसे वर्षानुवर्षे थांबत. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर गाडी लवकर मिळे, पण आमच्या नात्यातले सर्वांत लांब गेलेले माणूस इंदूरला होते. दाजींनी १९७५ साली, लग्नाच्या वर्षीच, नाव नोंदवले. पावती ताईने देवघरात ठेवली. गाडी आली १९८३ त.

‘‘तो दिवस सगळ्यात सुखाचा असेल ना, दाजी?’’ मी विचारले.

‘‘छे गं! त्या दिवशी नुसती धाकधूक. रात्री तीनदा उठून बघितली, जागेवर आहे का.’’

स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, ‘‘पावती होती तेव्हाच बरं होतं बाई. दर रविवारी जेवणं झाली की आम्ही पावतीवर बसून कुठं कुठं जाऊन यायचो. लोणावळा झालं, महाबळेश्वर झालं, एकदा तर गोव्याला निघालो होतो. गाडी आल्यावर मंडईच्या पुढं कधी गेलो?’’

ती चेतक केव्हाच बंद पडली. २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी मिळते. भाचेसुनेने ती मोबाइलवरून नोंदवली आणि थोड्याच दिवसांत दारात आली. तिला पाहायला रात्री कोणी उठले नाही. सुख मिळण्यापेक्षा ते येणार म्हणून थांबण्यात अधिक असते, असा माझा सिद्धांत त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तयार झाला, आणि मी खूश होऊन झोपले.

सकाळी भाचा चाकणला कामावर निघाला, त्याच्या गाडीत दाजी आणि मी बसलो. मला भामचंद्राचा डोंगर पाहायचा होता. तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडली की कंटेनरांची रांग लागते. चाकण एकेकाळी कांद्याच्या बाजाराचे आणि संग्रामदुर्गाचे गाव. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाला येथे सुमारे दोन महिने अडवून धरले. आता ते काम कंटेनर करतात. ‘‘हा रस्ता रुंद झाला की बघ मावशी,’’ भाचा म्हणाला. मी दाजींकडे पाहिले.

डोंगर लहानसाच आहे, पण चहूकडे कारखान्यांची निळी-पांढरी छपरे पसरली असल्यामुळे तो एकटा पडल्यासारखा दिसतो. वर कातळात लेणी आहेत. दुष्काळात बायको गेली, मूल गेले, दुकान बुडाले. त्यानंतर तुकोबा येथे पंधरा दिवस बसले होते, असे सांगतात. मग खाली उतरून, धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. लोकांकडून जे यायचे होते ते येणार नाही, हे स्वतःच ठरवून टाकले! मला हे झेपणारे नाही. ताईची पावती तेवढी मला समजते.

लेण्याच्या सावलीत एक पोरगा निजला होता. अंगात कंपनीचा शर्ट, उशाला डब्याची पिशवी. आमच्या बोलण्याने तो उठून बसला. परभणीकडचा होता.

‘‘रात्रपाळी सुटली, काका. रूमवर आत्ता बाकीचे झोपलेत. दुपारची पाळीवाले उठले की जागा होते. तोवर इथं वारं लागतं.’’

दाजी एकदम त्याच्याजवळ जाऊन बसले. कुठली मशीन, कुठली लाइन, सगळे विचारून झाले. मग म्हणाले, ‘‘पर्मनंट कधी?’’

पोरगा हसला. ‘‘अकरा महिने झाले की ब्रेक देतात. मग दुसरी कंपनी. ही माझी चौथी.’’

दाजी काही बोलले नाहीत. माझा रात्रीचा सिद्धांत मला आठवला आणि जरा ओशाळल्यासारखे झाले. पावतीवर बसून महाबळेश्वर गाठता येत होते, कारण पावतीवर नंबर होता आणि तो उशिरा का होईना, लागणार होता. दाजींच्या त्या खोलीतले सहाही जण पुढे कायम झाले. या पोराची गादीही थंड होत नसेल. पण देवघरात ठेवायला त्याच्यापाशी काय होते?

तो मात्र आपल्याच नादात होता. बहिणीला नर्सिंगला घातले आहे, तिची फी तो भरतो. आषाढात पालखीबरोबर लोणंदपर्यंत चालत गेला होता, तेवढे दिवस पगार कापला गेला, ‘‘पण मावशी, लय भारी वाटलं,’’ असे तो म्हणाला. कधी काय होणार याबद्दल त्याने एक शब्दही काढला नाही.

मोबाइल पाहून तो उठला, पँटची माती झटकली. ‘‘येतो काका. उठले असतील ते.’’

दाजींनी ताईने दिलेला चिवड्याचा डबा काढला. ‘‘थांब रे. किती जण राहता?’’

‘‘नऊ.’’

दाजींनी सगळा चिवडा त्याच्या पिशवीत रिकामा केला. पोरगा भराभर उतरून गेला. आम्ही आमच्या गुडघ्यांच्या बेताने निघालो. अर्ध्या वाटेवर दाजी दम खायला थांबले आणि खालच्या छपरांकडे बघत म्हणाले,

‘‘गाद्या किती, ते विचारायचं राहिलंच की.’’