विकणाऱ्याच्या खिशातून

सोमवार, 18 ऑगस्ट 2025, पांढुर्णा

दुपारी सौंसरहून मामाजींचा फोन. आवाजात भलतीच तरतरी. "अबे, ते हॉलिडेवालं झेंगट सुटलं. गिऱ्हाईक भेटलं. सहा लाख वीस हजार देऊन रायला."

हे झेंगट 2010 सालचं. नागपूरच्या एका हॉटेलात "तुमचा नंबर लागला" म्हणून दोघांना जेवायला बोलावलं आणि उठताना 25 वर्षांच्या मेंबरशिपवर सही घेतली. वर्षातून एक आठवडा कुठल्याही रिसॉर्टला जा. सुरुवातीला गेलेही. आता मामींचे गुडघे बोलतात, मामाजींना घरचंच जेवण लागतं. पण जा नाहीतर जाऊ नका, वार्षिक मेंटेनन्सचं बिल येतंच आणि दर खेपेला थोडं फुगून येतं. माझ्या मते सहा लाखांची हाव त्यांना फारशी नाही. त्या बिलातून सुटका हवी आहे, आणि फोन करणाऱ्याला नेमकं हेच ठाऊक आहे. मेंबरशिप नंबर, घेतल्याची तारीख, मामींचं नाव, सगळं त्यानंच वाचून दाखवलं म्हणे. ही यादी कुठून तरी फुटलेली असणार. मामाजींना मात्र त्यातच खरेपणा दिसला.

"पैसे दिलेत का काही?"

"फाइल चार्ज साडेआठ हजार. वापस भेटते ना ते."

बुधवार, 20 ऑगस्ट

व्हॉट्सॲपवर कागद आले. रजिस्ट्री ऑफिसाबाहेर सर्व्हिस प्रोव्हायडर म्हणून बसायचं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचायचे. मी खालून वर वाचतो. आधी सह्या, साक्षीदार, शिक्का. मजकूर शेवटी.

पहिला कागद ई-स्टॅम्पवरचा "विक्री करारनामा". खाली खरेदीदाराची सही नाही, नुसता गोल निळा शिक्का, आणि तोही कागदाच्या घडीवरून सरळ गेलेला, म्हणजे कॉम्प्युटरवर चिकटवलेला. वर दिल्लीचा सर्टिफिकेट नंबर, IN-DLनं सुरू होणारा. असले नंबर ऑनलाइन तपासता येतात. तपासला. स्टॅम्प अस्सल निघाला! शंभर रुपयांचा, भाडेकराराचा, दोन तिसऱ्याच माणसांच्या नावावर. कुणाचा तरी भाडेकरार उचलून पोटातला मजकूर बदललेला.

दुसरा कागद रिझर्व्ह बँकेच्या बोधचिन्हाचा, "फंड रिलीज ऑर्डर". रिझर्व्ह बँक सौंसरच्या एका पेन्शनरची मेंबरशिप विकून देत नाही, आणि त्यासाठी पत्रं तर मुळीच लिहीत नाही. तिसरा डिमांड ड्राफ्टचा फोटो, मामाजींच्या नावाचा. तोच फोटो त्यांनी मामींना चारदा दाखवला असेल.

शुक्रवार, 22 ऑगस्ट, पोळा

बैल सजवून झाले, पुरणपोळी झाली, मग मामाजींना निवांत फोन लावला. आता दुसरी मागणी आली आहे: सहा लाख वीस हजारांवर 18 टक्के जीएसटी, त्यातला अर्धा, 55,800 रुपये, आधी भरा. हिशेब अगदी बरोबर आहे. चोराचा हिशेब बहुधा बरोबरच असतो.

मी माझ्या धंद्यातलंच सांगितलं. जमिनीच्या खरेदीखताची स्टॅम्प ड्यूटी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, घेणाऱ्यानं भरायची. 1899च्या स्टॅम्प कायद्याच्या 29व्या कलमात तसं लिहिलंच आहे. टीडीएस घेणारा तुमच्या रकमेतून कापतो. 50 लाख किंवा त्यावरच्या घर-प्लॉटचा 1 टक्का कापतात तोही खरेदीदारच. कापायचा कर विकणाऱ्यानं आधी खिशातून भरायचा असं मी तरी एकाही दस्तात पाहिलेलं नाही. जीएसटी धंदा करणारा, नोंदणी असलेला माणूस वसूल करतो आणि सरकारात भरतो. घरगुती मेंबरशिप विकणाऱ्या म्हाताऱ्यानं तो नोएडातल्या कुणाच्या यूपीआयवर टाकायचा नसतो.

कलमं मामाजींच्या कानावरून गेली. मग विचारलं, "गेल्या साली आंबिया बहाराचा सौदा केला, तेव्हा व्यापाऱ्याले तुम्ही इसार देल्ला होता?"

"मी कायले देऊ? थोच देते ना. झाडावरचा माल पाहून इसार देते, मग तोडाले येते."

"मग इथं काहून उलटं?"

फोनवर बराच वेळ काही नाही. शेवटी म्हणाले, "पण हे लोक सुशिक्षित बोलतात रे."

शनिवार, 23 ऑगस्ट, गोटमार

सकाळपासून जाम नदीकडे पाय ठेवायची सोय नाही. पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर, मध्ये पात्रात पळस, दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड, आणि बंदोबस्ताच्या गाड्या गल्लीगल्लीत. दुकान बंद ठेवलं.

अडीचच्या सुमारास मामाजींनी फोन लावून त्या गिऱ्हाईक आणणाऱ्याला जोडून घेतलं आणि मला गप्प राहायला सांगितलं. गोड आवाज. "अंकलजी, आज आखिरी तारीख है, नागपुर ब्रांच से एनओसी अभी पास हो रही है।" मागे बरेच आवाज, सगळे असेच बोलणारे.

आज चौथा शनिवार. बँका बंद.

मी तेवढंच विचारलं, कौनसी ब्रांच, आज तो छुट्टी है. फोन कटला. मामाजी माझ्यावरच चिडले, की गिऱ्हाईक पळवलंस. संध्याकाळी मात्र स्वतःच कॅलेंडर पाहिलं असावं, कारण रात्री मामींचा फोन आला: "सोमवारी येजो, त्यायले घेऊन ठाण्यात जाऊ."

सोमवार, 25 ऑगस्ट, सौंसर

आधी 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. तिकडून विचारतात तेवढं हाताशी असलेलं बरं: बँकेचं नाव, खाता नंबर, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर. पासबुकात तो बारीक अक्षरात असतो. मामींनी भिंग आणलं. पैसे एका व्यक्तीच्या नावावर गेलेले, कंपनीच्या नावावर नाही, हे यूपीआयच्या पावतीवर पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

पैसे जाऊन दिवस उलटलेत. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवता येते; इतक्या उशिरा आशा थोडी. तरी सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाकली, ठाण्यात लेखी अर्ज दिला. कलम भारतीय न्याय संहितेचं 318(4), आपल्या जुन्या 420चं नवं घर. ठाण्यातले साहेब म्हणाले, मोबाइल टॉवर बसवून देतो म्हणून, बंद पडलेल्या विम्याचा बोनस देतो म्हणून, असे अर्ज येतच असतात. सगळीकडे आधी थोडं भरा.

गुरुवार, 28 ऑगस्ट

काल गणपती बसले. आज प्रतिज्ञापत्रासाठी आलेल्या एका गिऱ्हाइकाकडे पॅनकार्ड क्लब्जची जुनी पावती निघाली. मुंबईच्या या कंपनीनं हॉटेलातल्या खोल्यांच्या रात्री विकायच्या नावाखाली पैसे गोळा केले. सेबीनं 2014 मध्ये थांबवलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सुमारे 51 लाख लोकांचे 7,035 कोटी परत करायला सांगितले. अशा जुन्या पावत्या जपून ठेवलेला माणूस "पैसे काढून देतो" म्हणणाऱ्याला आयताच सापडतो. त्याला बजावलं, कुणी फोन करून फी मागितली तर एक रुपया देऊ नकोस.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मेक्सिकोत हालिस्कोची ड्रग टोळी अमेरिकन म्हाताऱ्यांना असेच फोन लावते, टाइमशेअर (मामाजींसारखीच मेंबरशिप) विकून देतो, आधी कर भरा. 2019 ते 2023 या काळात सुमारे 6,000 अमेरिकनांनी जवळजवळ 30 कोटी डॉलर गेल्याची तक्रार केली. युरोपात 2008च्या निर्देशानं पुनर्विक्रीच्या दलालाला विक्री होण्याआधी पैसे घ्यायलाच बंदी केली. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. व्हायला हवा, असं मला स्वच्छ वाटतं. दलाली घ्यायची तर सौदा झाल्यावर घ्या, आमच्या इथले जमिनीचे दलाल तेवढं पाळतात.

मंगळवार, 2 सप्टेंबर

मामाजींना नवा फोन. "दिल्ली सायबर सेल"मधून. साडेआठ हजार सापडले आहेत, सोडवायला बाराशे भरा. एकदा फसलेल्याचा नंबर पुढच्या टोळीला विकला जातो तो असा. मामाजींनी फोन मामींच्या हातात दिला. मामी म्हणाल्या, त्या साडेआठातूनच बाराशे कापून घ्या अन् उरलेले पाठवा. पलीकडून शिव्या आल्या. मामींनीही दिल्या, आणि त्या सौंसरच्या होत्या.

दुपारी मूळ कंपनीला पत्र लिहिलं. करारातलं कलम नंबरासकट घातलं: मेंबरशिप परत करायची पद्धत काय, दुसऱ्याच्या नावावर करायची तर ट्रान्सफर फी किती, आजपर्यंतची बाकी किती. खरी ट्रान्सफर फी असतेच, पण ती कंपनीच्या खात्यात, पावती घेऊन, घेणारा समोर असताना. गिऱ्हाईक मिळालं तरी मूळ किमतीच्या आसपास काही येणार नाही, हे मामाजींना आजच सांगून टाकलं. भाच्याच्या नावावर करून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. पत्र स्पीड पोस्टनं टाकलं, पावती मामींकडे.