स्टिअरिंग जड होते तेव्हा

काशीच्या गल्ल्या मोटारींसाठी बांधलेल्या नाहीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांच्या घरी जायचे, तर पायीच जावे लागते. समोरून बैल आला तर भिंतीला टेकून उभे राहायचे, हा तेथला शिरस्ता. त्यामुळे या भागातील एखाद्याने गाडी घेतली, तरी ती त्याच्या दारात उभी राहत नाही. मैदागिनच्या बाजूला कोणाच्या तरी अंगणात किंवा भाड्याच्या जागेत ती लावावी लागते. त्या चिंचोळ्या जागेत गाडी आत घेताना आणि बाहेर काढताना चालकाच्या हातांना जेवढे काम पडते, तेवढे मोकळ्या महामार्गावर दिवसभर जाऊनही पडत नाही. म्हणूनच स्टिअरिंग हलके चालणे ही येथे चैन नसून गरज आहे.

वाहनाला दिशा देण्याची विद्या काशीला नवीन नाही. गंगेवरचा नावाडी वल्ह्याच्या एका झटक्याने नावेचे तोंड फिरवतो. आपल्या भाषेतील ‘सुकाणू’ हा शब्द मुळात अरबी खलाशांकडून आला असे मानले जाते. पुढे तो नावेपुरता उरला नाही. संसाराचे सुकाणू, संस्थेचे सुकाणू असे आपण सहज म्हणू लागलो. याच शहरात १९६१ साली रेल्वेचा डिझेल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. २०२० पासून तो ‘बनारस रेल इंजन कारखाना’ म्हणून ओळखला जातो. तेथून बाहेर पडणाऱ्या अवाढव्य इंजिनाला स्टिअरिंग नसतेच. त्याची दिशा रूळ ठरवतात. मोटारीला मात्र रूळ नाहीत. तिची दिशा प्रत्येक क्षणी माणसाच्या दोन हातांनी ठरते, आणि म्हणून त्या हातांवरची जबाबदारीही मोठी ठरते.

हे ओझे हलके करण्याची युक्ती अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने शोधली. १९२६ साली त्याने तेलाच्या दाबावर चालणारी आपली यंत्रणा एका मोटारीत बसवून दाखवली. पण सामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशा मोटारीत ती यायला १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत ती प्रथम मिळू लागली. या यंत्रणेचे तत्त्व सोपे आहे. इंजिनावरून फिरणारा एक पट्टा पंप चालवतो. पंप तेलाला दाब देतो. चालकाने स्टिअरिंग फिरवताच एक झडप उघडते आणि दाबाखालचे तेल योग्य त्या बाजूला जाऊन चाके वळवायला मदत करते. १९८८ साली जपानच्या सुझुकी कंपनीने एका छोट्या मोटारीत तेलाऐवजी विजेच्या मोटरची मदत घेतली. आज आपल्याकडील बहुतेक नव्या लहान गाड्यांत हीच विजेची व्यवस्था असते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. ही केवळ मदत आहे. ती बंद पडली तरी स्टिअरिंगचा चाकांशी असलेला सांधा तुटत नाही. गाडी वळते, पण फार जोर लावावा लागतो.

यंत्रातील पुष्कळसे बिघाड अचानक होत नाहीत. तेल थेंबाथेंबाने गळते, पट्टा दिवसादिवसाने सैल होतो, टायरमधील हवा हळूहळू कमी होते. स्टिअरिंग रोज थोडे थोडे जड होत जाते आणि हातही रोज थोडा अधिक जोर लावायला शिकतात. शरीराची ही सवय एरवी वरदानच. येथे मात्र ती घातक ठरते. एके दिवशी दुसरा कोणी गाडी चालवायला बसतो आणि म्हणतो, ‘अहो, हे किती जड आहे!’ तेव्हा कोठे मालकाला कळते, की आपण बिघाडालाच नेहमीची स्थिती समजत होतो.

काशीतील एखाद्या मराठी चालकाची कल्पना करावी. महाराष्ट्रातून काशीयात्रेला आलेल्या मंडळींना तो प्रयाग आणि गया दाखवून आणतो. त्रिस्थळी यात्रा हाच त्याच्या घराचा आधार. मे महिन्यातील दुपार. उद्या पहाटे सहा वृद्ध यात्रेकरूंना घेऊन प्रयागला निघायचे आहे आणि स्टिअरिंग जड लागते आहे. गॅरेजमध्ये गाडी टाकली, तर फेरी बुडणार. तशीच नेली, तर सहा जीव आपल्या हाती. बायको म्हणते, “अहो, मनात शंका आहे, तर बघून तरी घ्या.” शाळेत जाणारी मुलगी गाडीसोबत आलेली पुस्तिका घेऊन येते आणि म्हणते, “बाबा, तुम्ही बघत जा, मी वाचत जाते.” त्याच्या पुढे एक तास आहे. या तासात त्याने काय पाहावे?

सर्वांत आधी टायर. हवा कमी असेल, तर टायर रस्त्याला अधिक चिकटतो आणि वळायला जड जातो. दोष टायरचा आणि ठपका स्टिअरिंगवर, असे अनेकदा घडते. हवा किती हवी ते बहुधा चालकाच्या दाराजवळील चिठ्ठीवर लिहिलेले असते. टायर थंड असतानाच ती मोजावी.

दुसरी परीक्षा इंजिनाची. गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि गाडीपुढे कोणी उभे नाही ना, हे पाहावे. स्टिअरिंगवर किंचित जोर धरून इंजिन सुरू करावे. इंजिन सुरू होताच स्टिअरिंग हाताखाली सैल पडल्यासारखे वाटले, तर मदत मिळते आहे. तसे वाटले नाही, तर मदतीच्या व्यवस्थेतच दोष आहे.

मग गाडीचा प्रकार ओळखावा. बॉनेटखाली स्टिअरिंगच्या तेलाची छोटी टाकी असेल, तर व्यवस्था तेलावर चालणारी. टाकीवर कमाल आणि किमान पातळीच्या खुणा असतात. तेल किमान खुणेखाली गेले असेल, तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल घालू नये. त्याने आतील रबरी सील खराब होतात. तेलात फेस दिसला, तर हवा शिरली आहे असे समजावे. वळताना येणारा घुरघुर आवाजही बहुधा कमी तेलाचा किंवा हवेचा असतो. केवळ तेल भरल्याने काम संपत नाही. तेल आपोआप आटत नाही. ते कोठून तरी गळत असते. रात्री गाडीखाली पुठ्ठ्याचा तुकडा पसरून ठेवावा. सकाळी डाग कोठे पडला आहे, यावरून गळतीची जागा कळू शकते.

त्यानंतर पट्टा. इंजिन बंद करून, किल्ली काढून खिशात घालावी आणि मगच पट्ट्याला हात लावावा. त्यावर भेगा असतील, तो सैल असेल किंवा पावसाच्या पाण्याने भिजला असेल, तर तो घसरतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो. स्टिअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवून तसेच धरून ठेवण्याची सवयही वाईट. त्याने पंपावरचा ताण वाढतो आणि तेल तापते.

तेलाची टाकी दिसली नाही, तर व्यवस्था बहुधा विजेची. तेथे बॅटरीचा अशक्तपणा, तिच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार, जळालेला फ्यूज किंवा उंदराने कुरतडलेली तार या गोष्टी पाहाव्यात. समोरच्या फलकावरील स्टिअरिंगचा दिवा पेटला आहे का, तेही पाहावे. आणखी एक बाब अरुंद जागेत गाडी लावणाऱ्याने मुद्दाम ओळखून असावी. भर उन्हात मागेपुढे करीत दहा-बारा वेळा स्टिअरिंग गरगर फिरवले, तर विजेची मोटर तापते आणि स्वतःच्या रक्षणासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबल्यावर स्टिअरिंग पूर्ववत हलके झाले, तर हा बिघाड नसून यंत्राने घेतलेली विश्रांती आहे.

घरच्या तपासणीची मर्यादाही याच तासात पाळायची असते. स्टिअरिंग अडकते, त्यात रिकामा झोल जाणवतो, वळताना खटखट वाजते, तेल भरताच पुन्हा उतरते किंवा दिवा विझत नाही, यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर मिस्त्रीला बोलवावे आणि फेरी दुसऱ्या गाडीवाल्याला द्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. स्टिअरिंगचे चाक उघडण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात हवेची सुरक्षा-पिशवी असू शकते. चालत्या गाडीत मदत अचानक गेली, तर घाबरून इंजिन बंद करू नये. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, वेग कमी करीत गाडी कडेला घ्यावी. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे चालक आपल्या हातांची आणि ब्रेकची मदत स्वतःच काढून घेत असतात, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

टायर, तेल, पट्टा, बॅटरी हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जाणारा आहे. तो पाळणाऱ्याला मिस्त्रीपुढे उभे राहताना ‘काहीतरी बिघडले आहे’ एवढेच सांगावे लागत नाही. काय पाहिले, काय ठीक आहे आणि आवाज केव्हा येतो, हे तो सांगू शकतो. मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि चांगला भाग विनाकारण बदलला जाण्याची शक्यताही कमी होते. यासाठी मोठी पदवी लागत नाही. लागते ती नीट पाहण्याची, ऐकण्याची आणि पुस्तिकेतील चार ओळी समजून घेण्याची तयारी. अक्षरे वाचता येणे ही एक साक्षरता, तर आपल्या पोटापाण्याचे साधन वाचता येणे ही दुसरी. पहिली उशिरा मिळाली तरी तिच्यामुळे दुसरीचे दार उघडते. आणि जो चालक आपल्या यंत्राचे दुखणे वेळेवर ओळखतो, तोच ‘आज गाडी नेत नाही’ असे खात्रीने म्हणू शकतो. प्रवाशांच्या दृष्टीने चालकाचे हे कौशल्य गाडी वळवण्याच्या कौशल्याहून कमी मोलाचे नाही.