भांड्यांवरची आळी

खोपोलीत पाहुणा आला की त्याला आपण हौसेने नाना फडणवीसांनी बांधलेले तळे दाखवतो, वीरेश्वराचे देऊळ दाखवतो. तळ्यामागच्या आमच्या जुन्या आळीकडे मात्र कोणी बोट दाखवीत नाही. या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या आळीचा नकाशा काढायला घेतला. पावलांनी अंतरे मोजली, आलेखाच्या कागदावर घरांचे चौकोन आखले आणि कोणत्या घरात पूर्वी कोण राहात होते ते लिहू लागले. घरपट्टीच्या जुन्या पावत्या मिळाल्या, उतारे मिळाले. त्यांत आजे होते, पणजे होते. १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले, त्यानंतर कामासाठी येऊन राहिलेले भाडेकरूही लोकांच्या आठवणीतून सापडले. बायका तेवढ्या कोठेच नव्हत्या.

आजी म्हणाली, "माळ्यावर चढ गं. आमची नावं तिथं आहेत."

माळ्यावर हंडे, घंगाळी, पराती, तांबे. चिंच लावून घासली तशी काठाखालची टिंबाटिंबांची अक्षरे वर आली. 'चि. सौ. कां.', पुढे नाव, मग देणाऱ्याचे नाव, गाव, क्वचित शके. आजीच्या आतेसासूचे नाव मी पहिल्यांदा एका घंगाळ्यावर वाचले. घरात सगळे तिला नुसते 'कर्जतची' म्हणत!

ही नावे घालणारा भांड्यांच्या दुकानाबाहेर बसे. एका हातात बारीक छिन्नी, दुसऱ्यात हातोडी. पैसे अक्षरागणिक, असे आजी सांगते. त्यामुळे बापाची ऐपत तशी नावाची लांबी. दोन कळशांवर तर नुसती आद्याक्षरेच आहेत.

तांब्यावरच्या अक्षरांशी खुद्द नानांचाही संबंध आहे. त्यांच्या वेळी पुण्यात भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापण्याचा उद्योग सुरू झाला. नाना १८०० साली वारले. ती गीता १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने छापून झाली. छापायचे म्हणजे अक्षर उलटे कोरायचे. काना, मात्रा, वेलांटी, सारे आरशात दिसावे तसे! त्या काळचा पुण्याचा गंगाराम तांबट आज नावानिशी ठाऊक आहे, कारण चार्ल्स मॅलेटसाठी त्याने काढलेली वेरूळ-कार्ल्याची चित्रे टिकली. आमच्या आळीतल्या भांड्यांवर मी कोरणाऱ्याचे नाव पुष्कळ शोधले. एकावरही नाही. साऱ्या गावाची नावे घातली, आपले घालायला त्याला कोण पैसे देणार?

कोपऱ्यावरचे घर बंद आहे. मंडळी मुंबईस गेली आणि जाताना सगळी पितळ मोडीत देऊन स्टील घेतले. तो चौकोन कोराच राहणार, असे मी धरून चालले होते. शेजारच्या काकूंनी आतून एक परात आणली. कधीतरी कार्याला उसनी घेतलेली. काठावर कोपऱ्यावरच्या सुनेचे नाव.

मी ते चौकोनात लिहीत असताना काकू म्हणाल्या, "परत द्यायची राहिलीच बघ. आता कुणाच्या हाती देऊ?"