एका 'बट'ची गोष्ट

इंग्रजी व्याकरणाशी माझे वैर जुने. काळ, कर्मणी प्रयोग, 'अ' आणि 'द' ही मंडळी छळतातच. पण मला खरोखर रडवले ते एका इवल्याशा 'बट'ने.

गेल्या पावसाळ्यात एका न्यासाच्या शिष्यवृत्तीसाठी इंग्रजीत अर्ज करायचा होता. रात्री जागून मी एक वाक्य जुळवले : 'ऑल्दो माय फादर इज अ फार्म लेबरर, बट आय वॉन्ट टु स्टडी.' जरी माझे वडील शेतमजूर आहेत, तरी मला शिकायचे आहे. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले. कुठे काही खटकेना. सकाळी सरांना दाखवले, तर त्यांनी लाल पेन्सिलीने 'बट'वर काट मारली. म्हणाले, "एका मांडवात दोन नवरदेव कशाला?"

मला पटेना. आपल्याकडे सगळा संसारच जोडीचा! जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जर-तर, जरी-तरी. एकट्याने राहायची या शब्दांना सवय नाही. सर हसले. इंग्रजीतही पूर्वी 'दो'च्या जोडीला 'येट' येत असे, १६११ च्या बायबलात तसे प्रयोग आहेत, असे त्यांनी सांगितले. 'येट' अजूनही कधीमधी चालून जातो. 'बट' मात्र नाही. 'बट' बरोबरीची दोन वाक्ये जोडतो. 'ऑल्दो' एकाला दुसऱ्याच्या पदरी बांधतो. दोघांनाही एकदम कामाला लावले, तर मुख्य वाक्य कोणते तेच कळत नाही.

घरी येताना एसटीत एक गंमत सुचली. 'पाऊस आला तरी आम्ही गेलो' असे आपण सर्रास म्हणतो. 'जरी' गाळतो, पण 'तरी' सोडत नाही. इंग्रज नेमके उलटे करतो. तो पुढचा शब्द ठेवतो, मागचा टाकतो. तोंड उघडताच तो सांगून टाकतो की, बाबा रे, मी आता म्हणतो ते खरे, पण ते माझे शेवटचे म्हणणे नव्हे. आपण ही बातमी अर्धे वाक्य संपेपर्यंत राखून ठेवतो. या शोधाचा मला एवढा आनंद झाला की उतरायचा थांबा चुकला! ('डिस्पाइट'च्या मागे 'ऑफ' लावायचा नाही, 'इन स्पाइट'च्या मागे लावायचा, हे मात्र अजून पाठच करावे लागते. त्यात शोध लागण्यासारखे काही नाही.)

रात्री आबांना दुरुस्त केलेले वाक्य वाचून दाखवले आणि मराठीत अर्थ सांगितला. आबा भाकरी मोडता मोडता थांबले.

"जरी कशापायी?" त्यांनी विचारले.

"व्याकरण आहे आबा ते. तुम्ही मजूर आहात, तरी मी शिकते, असं."

"म्हंजी मी आडवा आलो व्हय गं तुला?" ते रागावले नव्हते, हे अधिक लागले. "मी मजूर हाय म्हनूनच तू शिकाय लागलीस न्हवं?"

मला उत्तर सुचेना. सर म्हणाले होते, 'ऑल्दो'च्या पोटात जे घालतो ते आपण मान्य करतो आणि बाजूला सारतो. मी आबांनाच तिथे घातले होते, आणि तेही चांगल्या इंग्रजीत. पहाटे चारला उठून दुसऱ्याच्या उसाला पाणी पाजणारा माणूस माझ्या अर्जात अडचण म्हणून उभा होता.

दुसऱ्या दिवशी नवा कागद घेऊन सरांकडे गेले. 'बिकॉज माय फादर इज अ फार्म लेबरर आय वॉन्ट टु स्टडी.' सरांनी ते वाचले, पुन्हा वाचले. न्यासाच्या लोकांना हे कसे वाटेल, असे ते स्वतःशीच पुटपुटले. लाल पेन्सिल थोडा वेळ कागदावर अधांतरी राहिली. मग 'लेबरर'च्या पुढे एक स्वल्पविराम तेवढा घालून त्यांनी अर्ज माझ्या हाती दिला.