चहूंबाजूंचा नाद

दुसऱ्याच्या कृतीस गुण देणें हें काम आम्हांस पूर्वीं फार सोपें वाटे. तो भ्रम एका संध्याकाळीं कसा दूर झाला, तें येथें निवेदन करीत आहों.

इंग्लंडांतील पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा रॉक गीतसंग्रह १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणगृहांत त्याचें मुद्रण झालें होतें. तेथील यंत्रज्ञ ॲलन पार्सन्स यांनीं त्याच काळांत चार स्पीकरांसाठीं त्याचें मिश्रण केलें. पुढें २००३ सालीं जेम्स गथ्री यांनीं पांच स्पीकर व खर्जासाठीं एक निराळा, अशा मांडणीचें नवें मिश्रण सिद्ध केलें. दोहोंत श्रेष्ठ कोणतें, हें ठरविण्याचा आम्हीं चंग बांधला.

खोलीच्या मधोमध खुर्ची, सभोंवतीं स्पीकर, आणि मांडीवर रकाने आंखलेला कागद! आवाज पाठीमागून किती वेळां आला, खोलीभर किती वेळां फिरला, यावर गुण. 'टाइम' या गीताच्या आरंभीं घड्याळें घणघणलीं. पार्सन्स यांनीं तीं जुन्या घड्याळांच्या दुकानांत एकेक करून मुद्रित केलीं होतीं. 'मनी' या गीतांत नाण्यांचा खणखणाट आणि गल्ल्याच्या यंत्राचा ठोका, आपल्या रूपक तालासारख्या सात मात्रांत, आमच्याभोंवतीं फिरूं लागला. आम्ही हरखून गेलों. पार्सन्स यांचे गुण भराभर वाढले.

आमचे काका दाराशीं बसले होते. लहानपणच्या दुखण्यामुळें त्यांचा डावा कान पार गेलेला. आवाजाची दिशा त्यांना कळत नाहीं. म्हणून आम्हीं त्यांना या परीक्षेस बोलाविलेंच नव्हतें. हें लिहितांना आज लाज वाटते.

क्लेअर टोरी या गायिकेनें या संग्रहांत एका गीतीं शब्दाविना केवळ स्वरांनीं आर्त आळविलें आहे. दोन्ही मिश्रणांतून तें ऐकून झाल्यावर आम्हीं सहज विचारलें, "काका, आपणांस कोणतें आवडलें?"

ते म्हणाले, "बाळ, तुझीं नाणीं कोठून कोठें गेलीं, तें मला समजलें नाहीं. पण ती बाई पहिल्या खेपेस वाद्यांच्या गर्दींत होती. दुसऱ्या खेपेस मात्र अगदीं जवळ येऊन बसली."

आम्हीं कागदाकडे पाहिलें. त्या बाईसाठीं त्यावर रकानाच नव्हता!

मग काकांना खुर्चींत बसविलें, आम्ही दाराशीं बसलों आणि सारें पुन्हां ऐकलें. दाराशीं बसल्यावर नाण्यांची गंमत पुष्कळच ओसरली. गाणें मात्र उरलें. पार्सन्स यांचें धाडस आम्हांस आजही प्रिय आहे, आणि नाण्यांच्या खेळांत तेच सरस. परंतु सबंध संग्रह एका श्वासाचा वाटावा, हें गथ्री यांना अधिक साधलें आहे, असा आमचा निर्णय झाला. दुसऱ्या कोणास तो उलटा वाटेल. त्यानें आपल्या कानांनीं पारखून घ्यावें.

परीक्षकाला रकाने तर हवेतच. पण ते आंखण्यापूर्वीं दाराशीं कोण बसलें आहे, हें त्यानें एकदां पाहावें. तो कागद आम्हीं जपून ठेविला आहे. त्यावर सर्वांत वर आतां एक नवा रकाना आहे.