बार्नमधले एक घर

हॉलंडास जाऊन आलेला प्रवासी ट्यूलिपची शेते, पवनचक्क्या आणि ॲम्स्टरडॅमचे कालवे यांचे वर्णन करतो. ते सारे आम्हीही डोळे भरून पाहिले. परंतु परतताना आमच्या मनात घर करून राहिले ते बार्न नावाच्या शांत गावातील एक विकाऊ घर. त्याचीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त हिल्व्हर्सम येथे असतात. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. निघण्यापूर्वी आठच दिवस वडील बंधूंनी आमच्या हाती एक कागद दिला होता. बेळगावात शहापुरातील आमच्या आजोबांचा वाडा विकण्याचे तिघा भावांत ठरत आले होते. दोघांच्या सह्या झाल्या होत्या. आमची तेवढी व्हावयाची होती. तो कागद तसाच सामानातून आमच्याबरोबर परदेशी आला.

जावईबापूंच्या कार्यालयातील एक डच दांपत्य बार्न येथे घर पाहावयास निघाले होते. आम्हांस जुन्या वास्तूंची आवड आहे हे ठाऊक असल्याने त्यांनी दलालास विचारून आम्हांसही बरोबर घेतले. आगगाडीने दहा मिनिटांच्या आत बार्न आले. या गावाचे भाग्य उजळले ते याच लोहमार्गामुळे. १८७४ साली ॲम्स्टरडॅमहून आमर्सफोर्टपर्यंत गाडी सुरू झाली आणि राजधानीतील धनिक व्यापाऱ्यांना येथल्या वनराईत घरे बांधून राहणे सोयीचे झाले. त्या काळातील मनोरे, सज्जे व कोरीव लाकडी झालरी असलेली घरे आजही वळणदार रस्त्यांच्या कडेने उभी आहेत. अशक्यप्राय जिने रेखाटणारा विख्यात चित्रकार एशर १९४१ पासून १९७० पर्यंत याच गावी राहत होता.

घरासमोर पाटी होती, ‘ते कोप’. म्हणजे विकणे आहे. हॉलंडातील बहुसंख्य लोक भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांच्या रांगांत राहतात. चारही बाजूंनी मोकळे असलेले घर तेथे चैनीचेच समजले जाते. हे तर तांबड्या विटांचे, दुमजली, कोपऱ्यात छोटा मनोरा असलेले. अंगणात लालसर पानांचा विशाल बीच वृक्ष. आत संगमरवरी फरशीचा बोळ, सरकत्या दारांनी जोडलेल्या दोन बैठकी, रंगीत काचांची तावदाने आणि खाली तळघर. ग्राहक यावयाच्या वेळी मालक बाहेर गेले होते. दलाल हळू आवाजात बोलत होता. जणू घरात कोणी निजले असावे.

त्याने दोन कागद पुढे ठेवले. पहिला म्हणजे मालकाने स्वतः भरलेली प्रश्नावली. तळघरात ओल येते, मनोऱ्याच्या बाजूस छप्पर एकदा गळले होते, हे सारे त्यात निमूटपणे लिहून दिले होते. ठाऊक असलेला दोष दडविणे विक्रेत्यास महागात पडते. उलट करारात बहुधा वयाचे एक कलमही असते. घर जुने आहे, नव्या घराची अपेक्षा त्याकडून करू नये, हे त्या कलमान्वये ग्राहकाने मान्य करावयाचे. माणसांच्या बाबतीतही असे एखादे कलम असते तर किती बरे झाले असते, असे आमच्या मनात येऊन गेले.

दुसरा कागद यादीचा. तीत तीन रकाने होते: घरात राहील ते, आम्ही नेऊ ते, आणि किंमत ठरवून घेता येईल ते. पडदे, दिवे, टपालपेटी, बागेतील झाडेसुद्धा त्यात मांडली होती. दारावरची पितळी घंटा ‘राहील’ या रकान्यात होती. वायुभारमापक मात्र मालक नेणार होते.

हे घर राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत आहे. हा कायदा १९६१ चा. २०१६ पासून नवा वारसा कायदा लागू आहे. परवानगीवाचून मालकास खिडकी बदलता येत नाही की आतला जिना हलविता येत नाही. मात्र नुसता धाक घालून सरकार स्वस्थ बसत नाही. दुरुस्तीसाठी कमी व्याजाने कर्ज देणारा निधी १९८५ पासून आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या एका संस्थेचे तपासनीस वर्गणीदारांच्या छपरांवर चढतात, पन्हळी तपासतात, किरकोळ डागडुजी तेथल्या तेथे करतात आणि लेखी अहवाल देतात. शाळातपासणीचे अहवाल वाचण्यात आमचा जन्म गेला. पण छपराचाही अहवाल असतो हे तेथे प्रथमच कळले.

“एवढी बंधने असतील तर मालकी ती कसली?” सौभाग्यवतींनी कन्येकरवी विचारले. ते डच गृहस्थ म्हणाले, “म्हणून तर घर अजून उभे आहे.”

परतताना आम्ही सूस्टडाइक राजवाड्यावरून गेलो. राणी जुलियाना तेथे १९३७ पासून २००४ मध्ये देह ठेवीपर्यंत राहिली. २०१७ मध्ये सरकारने तोही खाजगी मंडळींस विकला. राजवाडाही विकला जातो, हे पाहून आमच्या कागदाचे दडपण थोडे हलके झाले. मग वेंगुर्ल्याची वखार आठवली. सतराव्या शतकात याच डचांनी ती बांधली. आंबोली घाट उतरून आम्ही विद्यार्थ्यांना ती दाखविण्यास नेत असू. धनी निघून गेले, नवा कोणी राहिला नाही आणि भिंतींना झाडे फुटली. वास्तूचा नाश विक्रीनेच होतो असे नाही, हे त्या दोन ठिकाणांनी आम्हांस शिकविले.

आमच्या वाड्यास असा कायदा नाही. घेणाऱ्याच्या मनात तेथे सदनिका उभारावयाच्या आहेत. माजघराच्या मागली भिंत ओलीने पोखरली आहे, हे आम्ही कोणी त्यास सांगितलेले नाही. पाडावयाच्या घराचे दोष कोण विचारतो?

तेथील ग्राहकास करार हाती आल्यावर तीन दिवसांत विनाकारणही माघार घेता येते. आमचा मुक्काम संपत आला तेव्हा जावईबापूंनी सांगितले की, त्या दांपत्याचे ते तीन दिवस उलटले आणि घर त्यांचे झाले.

त्याच रात्री आम्ही दादांना पत्र लिहिले: “दिवाळीपर्यंत थांबावे. राहावयास घर घेणारा कोणी मिळतो का ते पाहू. भिंतीचे त्यास आधीच सांगू. न मिळाल्यास मी सही करीन. तोवर तिघे बसून यादी करू. तुळशीवृंदावन, दिंडी दरवाजा, आजोबांचा झोपाळा... काय राहील आणि काय नेऊ, ते लिहून काढू.”

दादांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. कागद सहीवाचून तसाच आहे.